वॉलहाला : ओढ्यावरचं अग्निशामक केंद्र आणि उशिरा आलेली रेल्वे

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या पूर्वेला रस्त्याने सुमारे १८० किलोमीटरवर वॉलहाला नावाचं खेडं आहे. कायमची वस्ती वीसेक माणसांची. इथलं जुनं अग्निशामक केंद्र ओढ्यावर आडवं बांधलेलं आहे. एक भिंत या काठावर, दुसरी त्या काठावर आणि पाणी इमारतीच्या खालून वाहतं. पाहुण्यांना ही गंमत वाटते. पण १९०१ साली ते बांधणाऱ्यांपुढे दुसरा पर्याय नव्हता. गावात एवढ्या मापाची सपाट जागा शिल्लकच नव्हती.

वॉलहालाच्या खाणाखुणा दोन प्रश्न धरून पाहिल्या की एकमेकींना जोडल्या जातात: जागा कुठून आणली, आणि सरपण कुठून आणलं? क्रिकेटचं मैदान डोंगरमाथ्यावर का, कबरस्तान कड्यासारख्या उतारावर का, जंगलात मधेच एक लोखंडी पूल का, स्टेशनची मूळ इमारत गावात का नाही, या सगळ्यांची उत्तरं तिथे मिळतात. सोनं संपलं म्हणून गाव संपलं, हे अर्धंच कारण आहे.

दरी आणि गारगोटीची शीर

हा गुनाईकुर्नाई या मूळनिवासी लोकांचा प्रदेश. स्ट्रिंगर्स क्रीक हा ओढा थॉमसन नदीला मिळण्याआधी एका अरुंद घळीतून उतरतो. घळीच्या तळाला ओढा, त्याला लागून एकच रस्ता, आणि दोन्ही बाजूंना लगेच चढ सुरू. गाव त्या एका रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलं. त्याला चौक नाही, पेठ नाही.

१८६२ सालच्या अखेरीस नेड स्ट्रिंगर आणि त्याच्या साथीदारांना ओढ्याच्या गाळात सोनं सापडलं. जानेवारी १८६३ मध्ये त्यांनी हक्काची नोंद केली. स्ट्रिंगर त्याच वर्षी वारला. सोन्याचा फायदा त्याला फारसा झाला नाही, नाव मात्र ओढ्याला राहिलं. गावही सुरुवातीला ‘स्ट्रिंगर्स क्रीक’ म्हणूनच ओळखलं जायचं. वॉलहाला हे नाव नंतर एका खाणीवरून आलं.

गावाचं भवितव्य ठरवणारा शोध स्ट्रिंगरचा नव्हता. फेब्रुवारी १८६३ मध्ये जॉन हिंचक्लिफला ओढ्याच्या वरच्या डोंगरात सोनं असलेली गारगोटीची शीर दिसली. तीच पुढे कोहेन्स रीफ म्हणून प्रसिद्ध झाली. या दोन शोधांतला फरक इथे कळीचा आहे. गाळातलं सोनं काढायला थाळी, फावडं आणि दोन-चार माणसं पुरतात. ते काही महिन्यांत संपतं आणि माणसं पुढच्या ओढ्याकडे जातात. गारगोटीत अडकलेलं सोनं काढायचं तर बोगदा खणावा लागतो, दगड फोडून पीठ करावं लागतं, पाणी उपसावं लागतं, म्हणजे यंत्रं लागतात आणि यंत्रांसाठी भांडवल लागतं. त्यामुळे वॉलहालात एकट्यादुकट्या नशीब काढणाऱ्यांचे दिवस फार लवकर संपले आणि कंपन्या आल्या. १८६५ साली सुरू झालेली लाँग टनेल कंपनी त्यातली सर्वांत मोठी. तिने भागधारकांना दहा लाख पौंडांहून अधिक लाभांश वाटला. शेजारच्या लाँग टनेल एक्स्टेंडेड खाणीतून सुमारे १३.७ टन सोनं निघालं.

माल यायचा तो खाली सपाटीवरच्या टूंगाबी गावाकडून, डोंगरातल्या पायवाटेने, घोड्यांच्या पाठीवर. पिठाच्या गोण्या, खिळे, दारू हे असं येऊ शकतं. पण बॉयलर आणि दगड फोडण्याच्या गिरण्यांचे ओतीव लोखंडी भागही याच डोंगरांतून आत आणावे लागले, आणि तेव्हा रेल्वे यायला पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं होती.

दगडापासून सोन्यापर्यंत

पुढचा सरपणाचा हिशेब समजायचा तर कामाचा क्रम आधी पाहायला हवा. शीर जवळजवळ उभी, खाली खोल जाणारी. आधी डोंगराच्या कुशीतून आडवा बोगदा आत नेऊन शीर गाठायची, मग आतून खाली उभी विहीर खणायची आणि ठरावीक खोलीवर पुन्हा आडव्या फांद्या काढायच्या. लाँग टनेल एक्स्टेंडेडमध्ये तर डोंगराच्या पोटात मोठं दालन कोरून बॉयलर आणि उचलयंत्र तिथेच बसवलं होतं, आणि धूर वर काढायला खडकातून धुराडं नेलं होतं. बाहेर यंत्रघराला जागा नाही, तर डोंगरातच खोली करा, असा हा सरळ विचार. बोगद्याच्या पातळीखाली ही विहीर ९०० मीटरहून खोल गेली.

वर आलेला दगड ‘बॅटरी’त, म्हणजे दगड कुटण्याच्या गिरणीत जायचा. लोखंडी बूट लावलेले जड मुसळदांडे ओळीने उभे असतात, फिरत्या दांड्यावरची उंचवट्याची चाकं ते उचलतात आणि सोडतात. उखळात पाणी चालू असतं. दगडाचं वाळूइतकं बारीक पीठ झालं की ते जाळीतून बाहेर येऊन पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहतं. सोन्याचे कण पाऱ्याला धरतात, वाळू पुढे निघून जाते. ठरावीक वेळाने पत्रे खरवडून तो लगदा चामड्यातून पिळायचा, उरलेला गोळा बंद भांड्यात तापवायचा. पारा वाफ होऊन नळीत थंड होतो आणि परत वापरता येतो. भांड्यात सच्छिद्र सोनं उरतं.

हे बिघडायचं ते प्रामुख्याने तीन ठिकाणी. पाणी जास्त सोडलं तर बारीक सोनं पत्र्यावर टेकण्याआधीच वाहून जातं. कमी सोडलं तर वाळू साचून पत्रा झाकला जातो. दगडात गंधकयुक्त खनिजं असली की पाऱ्यावर साय धरते, त्याचे बारीक मणी होतात आणि ते सोन्यासकट ओढ्यात जातात. म्हणून बॅटरीवरचा अनुभवी माणूस पत्र्याचा रंग पाहून पाण्याचा नळ कमी-जास्त करायचा. दिवसरात्र चालणारं काम, आणि त्याचा ठोका दरीभर ऐकू यायचा. बॅटरी थांबली की झोपलेली माणसं जागी होत, असं खाणगावांत सगळीकडेच सांगतात. वॉलहालाही त्याला अपवाद नसावं.

सरपण

उचलयंत्र, पंप, बॅटरी आणि खडक भोसकणाऱ्या यंत्रांना दाबलेली हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, सगळं वाफेवर. वाफ लाकडावर. शिवाय बोगद्यांना टेकू लाकडाचे, घरं लाकडाची आणि चुलीतही लाकूडच. पंपाला तर सुट्टी नसते: खाण चालो वा न चालो, पाणी झिरपतच राहतं.

पहिल्या वर्षांत लाकूड म्हणजे जवळजवळ फुकट माल होता. बॉयलरच्या वरच्याच उतारावरची झाडं तोडायची आणि खाली सोडून द्यायची. त्या काळातल्या छायाचित्रांत वॉलहालाभोवतीचे डोंगर बोडके दिसतात, नुसते खुंट आणि मधेमधे घरं. आज तिथे इतकं दाट जंगल आहे की ते मूळचंच असावं असं वाटतं. ते जवळपास सगळं खाणी बंद पडल्यानंतर वाढलेलं आहे.

जवळचं लाकूड संपल्यावर खर्चाचं स्वरूप बदलतं. झाड तोडण्याचा खर्च तेवढाच राहतो, वाहतुकीचा मात्र दरवर्षी वाढतो. त्यात घाईने ओलं लाकूड जाळलं तर त्यातलं पाणी उडवण्यातच उष्णतेचा मोठा वाटा खर्ची पडतो, म्हणजे तेवढ्याच वाफेला आणखी लाकूड लागतं. तोडलेलं लाकूड फोडून, रचून, महिनोन्‌महिने वाळवायचं तर पुन्हा जागा हवी, आणि तीच तर या दरीत नाही.

उपाय म्हणून डोंगराच्या कडेकडेने लाकूड वाहून आणणाऱ्या ट्रामवे घातल्या गेल्या. अशा मार्गाची आखणी करताना उताराकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. भरलेला डबा गावाच्या दिशेने अलगद उतरेल आणि रिकामा घोड्याला परत चढवता येईल इतकाच उतार ठेवायचा. जास्त ठेवला तर ब्रेक धरत नाही, कमी ठेवला तर घोडे थकतात. म्हणून मार्ग प्रत्येक नाळेत आत शिरून पुन्हा बाहेर येतो, आणि सरळ रेषेतलं अंतर दुपटीने लांबतं.

हे प्रत्यक्ष चालून पाहता येतं. गावातून एका जुन्या ट्रामवेच्या वाटेने गेलं की थॉमसन नदीवरचा पॉव्हर्टी पॉइंट पूल लागतो. लोखंडी, १९०० सालचा, लाकडाच्या ट्रामवेसाठीच बांधलेला. आजूबाजूला वस्ती नाही, रस्ता नाही. वॉलहालातली सर्वांत बोलकी खूण आमच्या मते हीच, आणि बहुतेक पाहुणे ती न पाहताच परततात. १९०० सालापर्यंत या खाणींना सरपणासाठी नदी ओलांडावी लागत होती आणि त्यासाठी लोखंडी पूल बांधणं परवडत होतं, एवढं तो एकटा पूल सांगतो.

दुसरीकडे विहिरी खोल जात होत्या. जितकं खोल, तितका दोर लांब, पाणी जास्त उंच चढवायचं आणि प्रत्येक टन दगडामागे वाफ जास्त. दगडातलं सोनं मात्र खोलीबरोबर वाढत नव्हतं. म्हणजे लागणारी वाफ वाढते, वाफेचं सरपण महागतं आणि हाती येणारं सोनं आहे तेवढंच किंवा कमी. आपल्याकडच्या वाचकांना कोलार माहीत असतं. तिथल्या सोन्याच्या खाणींना १९०२ साली शिवनसमुद्राच्या धबधब्यावरून वीज मिळाली आणि यंत्रं वाफेवरून विजेवर नेता आली. वॉलहालाच्या खाणींना अशा बाहेरच्या विजेचा आधार मिळालाच नाही.

गावाने जागा कशी काढली

भरभराटीच्या काळात दरीत तीनेक हजार लोक राहत. दहाएक हॉटेलं, चर्च, शाळा, दुकानांची रांग. घरं उतारात टप्पे खोदून, दगडी पट्ट्यांच्या आधाराने बसवलेली. पुढचा दरवाजा रस्त्याच्या पातळीला आणि मागची खिडकी डोंगराच्या मातीला टेकलेली, असा प्रकार.

क्रिकेटच्या मैदानासाठी १८८२ च्या सुमारास एका डोंगराचा माथाच कापून सपाट केला गेला. खेळायला जायचं तर आधी वळणावळणाच्या चढाने वर जायचं. पाहुणा संघ वर पोचेपर्यंतच निम्मा हरलेला असे, असं गावात सांगतात. मैदान आजही आहे आणि चढही.

कबरस्तान इतक्या उभ्या उतारावर आहे की कबरींच्या ओळी पायऱ्यांसारख्या एकीवर एक दिसतात. हजाराहून अधिक लोक इथे पुरलेले आहेत. दगडांवरची वयं वाचत चढलं तर तान्ही मुलं आणि तरणे पुरुष खूप आढळतात. लहान मुलांमागे त्या काळचे साथीचे आजार होते. पुरुषांच्या बाबतीत अपघातांबरोबर धूळही होती. गारगोटीत कोरडंच भोसकलं की काचेसारखी बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि बाहेर पडत नाही. खाणकामगारांचा क्षय म्हणून तेव्हा ओळखला जाणारा हा आजार पुढे सिलिकोसिस म्हणून नोंदला जाऊ लागला. भोसकताना पाण्याची धार सोडली की धूळ बसते. हा उपाय खाणींमध्ये सरसकट रुळायला बराच काळ लागला.

लाकडी घरांची सलग रांग, दोन्ही बाजूंना उतार आणि मधून वाहणारा वारा, यात आग लागली तर काय होईल हे सांगायला नको. १८८८ च्या आगीत गावातल्या तीसेक इमारती गेल्या. ओढ्यावरचं अग्निशामक केंद्र हा त्या भीतीचाच परिणाम. त्याची जागा अडचणीची असली तरी अग्निशमनाच्या दृष्टीने वाईट नव्हती. गावाच्या मध्यात, एकुलत्या एका रस्त्याला लागून, आणि पाणी पायाखाली. त्याच्या जवळच १८९६ सालचा अष्टकोनी बँडस्टँड आहे. वॉलहाला माउंटेनियर्स ब्रास बँड तिथे वाजवत असे. पितळी वाद्यांचा बँड हे त्या काळच्या खाणगावांचं मोठं वेड होतं.

रेल्वे

रेल्वेची मागणी जुनी होती. बांधकाम १९०४ साली सुरू झालं आणि गाडी वॉलहालाला पोचली १९१० मध्ये. मुख्य मार्गावरच्या मोई स्टेशनपासून ही शाखा सुमारे ४२ किलोमीटरची. मुख्य मार्गाचं माप, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६०० मिलिमीटर आणि या शाखेचं ७६२, म्हणजे मोईला प्रत्येक नग एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. तरीही अरुंद माप घ्यावं लागलं, कारण ४० मीटर त्रिज्येची वळणं आणि तीसास एक इतका चढ त्यावर चालत होता. रुंद मापाला तेवढी वळणं जमत नाहीत. मग डोंगर कापावा लागतो आणि खर्च हाताबाहेर जातो. बार्शी लाईट रेल्वेचं माप हेच, ७६२ मिलिमीटर, आणि ती सुरू झाली १८९७ साली. व्हिक्टोरियातली या मापाची पहिली शाखा १८९९ ची. बार्शीला मात्र वाट माळरानातली होती. इथे शेवटचे काही किलोमीटर स्ट्रिंगर्स क्रीकच्या घळीतून, खडकाला चिकटून आणि लाकडी पुलांवरून न्यावे लागले.

आणि मग वेळ चुकली. लाँग टनेल एक्स्टेंडेड १९११ मध्ये बंद पडली, लाँग टनेल १९१४ मध्ये. ज्या खाणींना स्वस्त वाहतूक हवी होती, त्या गाडी आल्यावर जास्तीत जास्त चारेक वर्षं टिकल्या. रेल्वे वीस वर्षं आधी आली असती तर खाणी वाचल्या असत्या का? शीर तर तेवढीच होती. पण सरपणाचा आणि यंत्रांच्या भागांचा खर्च घटला असता, आणि कमी सोन्याचा दगडही परवडला असता. काही वर्षं नक्कीच वाढली असती.

त्या गाडीचा खरा उपयोग झाला तो गाव हलवायला. लाकडी घर खिळे काढून सुटं करता येतं: पत्रे वेगळे, फळ्या वेगळ्या, दारं-खिडक्या चौकटीसकट. ते डब्यात भरून मोईकडे आणि तिथून पुढे, जिथे काम मिळेल तिथे न्यायचं. वॉलहालातली कितीतरी घरं अशी गेली. म्हणून आज गावात जिथे-तिथे नुसते दगडी पायथे आणि ओसाड टप्पे दिसतात. ती सगळी पडलेली घरं नाहीत. त्यातली बरीच उचलून नेलेली आहेत. शाखा पुढे वाटेवरच्या एरिका गावाच्या परिसरातल्या इमारती लाकडावर तगली. वॉलहालापर्यंतचा शेवटचा तुकडा १९४४ मध्ये बंद झाला, उरलेली शाखा १९५४ पर्यंत.

वीज

दक्षिणेला लाट्रोब खोऱ्यात तपकिरी कोळशाचे प्रचंड साठे आहेत. तिथल्या यालूर्न वीजकेंद्रातून १९२४ साली मेलबर्नला वीज जाऊ लागली. खाणी बंद होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. वॉलहालाला मात्र सार्वजनिक वीज मिळाली २१ डिसेंबर १९९८ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या गावांमध्ये अगदी शेवटी. राज्यातली सर्वांत मोठी वीजकेंद्रं तासाभराच्या अंतरावर असताना! कारण साधं आहे: एवढ्या अवघड डोंगरातून तारा न्यायच्या आणि पलीकडे वीसेक गिऱ्हाइकं. तोवर लोक जनरेटर, गॅस आणि लाकडावर भागवत होते.

मूळ काय, नवं काय

वॉलहालात पाहणाऱ्याची फसगत होते ती इथे. रस्त्याने चालताना सगळंच १८९० चं वाटतं, पण तसं नाही. अग्निशामक केंद्र, बँडस्टँड, कबरस्तान, खाणीचा बोगदा आणि विंडसर हाऊस हे मूळचे. विंडसर हाऊस ही गावातली विटांची एकमेव जुनी निवासी इमारत. हाताने पाडलेल्या सुमारे ९०,००० विटा तिला लागल्या. बाकी गाव लाकडाचं म्हणून जळालं किंवा निघून गेलं, ही मात्र ना जळाली ना हलवता आली.

बँक ऑफ व्हिक्टोरियाची फक्त तिजोरीची खोली उरली आहे. भोवतालची बँक गेली, जाड भिंतींची खोली तेवढी उभी. स्टार हॉटेल १९५१ च्या आगीत गेलं. आजचं हॉटेल १९९९ चं. दर्शनी भाग जुन्यासारखा, आत आधुनिक खोल्या. रेल्वेही पुन्हा बांधलेली. १९९० च्या दशकात स्वयंसेवकांनी थॉमसन स्टेशनपासून काम सुरू केलं, आणि २००२ मध्ये गाडी पुन्हा वॉलहालात आली. रुळमार्ग जुना, पुलांचं बरंचसं लाकूड नवं. घळीतल्या ओलाव्यात लाकडी पूल कुजणारच, त्यामुळे ही डागडुजी कधी संपत नाही.

एका दिवसात पाहायचं तर क्रम असा ठेवावा. सकाळी लाँग टनेल एक्स्टेंडेडचा बोगदा, मार्गदर्शकाबरोबर; सुमारे ३०० मीटर आत गेल्यावर यंत्रांचं दालन लागतं. आत बाराही महिने गारवा, म्हणून उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी जाड हवं. विहिरीचा खालचा भाग पाण्याने भरलेला आहे. मग कबरस्तान, ऊन डोक्यावर यायच्या आत. दुपारी गाडीने थॉमसनपर्यंत जाऊन परत. ती रोज नसते, वेळापत्रक आधी पाहावं. पॉव्हर्टी पॉइंटच्या पुलाला अर्धा दिवस वेगळा ठेवावा. येतानाच पेट्रोल भरून घ्यावं, आणि मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवू नये. याच गावातून ऑस्ट्रेलियन आल्प्स ट्रॅक ही कॅनबेराकडे जाणारी सुमारे ६५० किलोमीटरची पायवाट सुरू होते. पाठीवर मोठी बोचकी घेतलेली मंडळी रस्त्यावर दिसली तर ती तिकडची.

आणि वॉलहाला स्टेशनची मूळ इमारत पाहायची असेल तर मेलबर्नला परतावं लागेल. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तीही सुटी करून नेली गेली. अलामेन लोकल मार्गावरच्या हार्टवेल स्टेशनात ती उभी आहे. गावात आहे ती तिची प्रतिकृती.